तोंडं आणि पाठी

३ मार्च, मंगळवार

चौथा स्क्रू नुसता फिरत राहिला. निघेना, बसेना. शेवटी लोण्याच्या सुरीने उचकटला आणि कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा माझ्या मांडीवर आला. आत पाहिलं — आत कॉम्प्युटरच दिसेना! पंख्याच्या पात्यांवर, तारांवर, कोपऱ्याकोपऱ्यांत धुळीची करडी लोकर. एखादं लहानसं पांघरूण विणून झालं असतं.

आई मागे खुर्चीत बसून टॉर्च धरत होत्या. उजेड माझ्या मानेवर, काम अंधारात. सासूबाईंना ऐकू येत नाही. त्या ओठ वाचतात. त्यामुळे ‘जरा उजवीकडे धरा’ एवढं सांगायलाही टेबलाखालून बाहेर यायचं, त्यांच्याकडे तोंड करायचं, बोलायचं, परत आत जायचं.

“सारखी काय वर येतेस बुडी मारल्यासारखी? एकदाच काय ते सगळं सांगून आत जा.”

नवऱ्याने दुकानातून भिंगं साफ करायची रबरी फुंकणी आणून दिली होती. फुंकलं. अर्धी धूळ फरशीवर, अर्धी माझ्या नाकात. मला शिंका सुरू झालेल्या पाहून आईंनी टॉर्च बंद केला. काम संपलं असं त्यांनी ठरवलं.

हा खटाटोप कशासाठी ते इथे लिहून ठेवते. धीर सुटला तर वाचता येईल.

कंपनीने एका विनोदी मालिकेचा भाग पाठवला आहे. मूळ बोलणं आपल्या भाषेत आणायचं, छोटं करायचं आणि पडद्याखाली दोन ओळींत बसवायचं. आजवर त्यांनी मला नळ कसा बसवावा, शिडी कशी धरावी असल्या फिल्म दिल्या. त्यातली माणसं फार बोलत नाहीत. या भागाचं काम पसंत पडलं तर नेहमीची नेमणूक. सोमवारी सोळा तारखेला पाठवायचं आहे. पण आमच्या कॉम्प्युटरवर चित्र उचक्या देत चालतं, आवाज मागून येतो आणि बटण दाबलेलं त्याला सावकाश उमगतं.

पसंत पडलं नाही तर? तर मी एक तारखेपासून नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायचं. हे मीच तावातावाने बोलून बसले. “नाही मिळालं तर बसेन तुझ्या दुकानात!” तो इतका खूश झाला की शब्द मागे घेता येईना.

दुकान वाईट नाही. मी वाईट आहे. लोक चष्मा चढवतात, आरशातून माझ्याकडे बघतात आणि विचारतात, “कसा दिसतो?” मला खोटं बोलता येत नाही. मागे त्याला ताप होता तेव्हा दोन दिवस बसले होते. एका गृहस्थांना म्हणाले, घुबडासारखे दिसता. ते घुबड अजून नवऱ्याला रस्त्यात ओळख देत नाही.


४ मार्च, बुधवार

आतून साफ, बाहेरून साफ. वेग तोच. फरक एवढाच की आता तो पंख्याचा आवाज न करता हळू चालतो.


५ मार्च, गुरुवार

हा कॉम्प्युटर उठल्याबरोबर काय काय उठवतो ते आज शोधून काढलं. अख्खं घर उठवतो! नवऱ्याचं हवामान — जिथे आपलं कोणीही राहत नाही अशा गावांचंसुद्धा. मुलीची गाणी. ती शिकायला परगावी गेली, तिची गाणी मात्र रोज सकाळी इथेच उठून बसतात. ज्या प्रिंटरला आपण कधीच निरोप दिला, त्याचा एक मदतनीस अजून दारात उभा. आणि दोन अँटिव्हायरस! एक नवऱ्याने टाकलेला, एक मी, एकमेकांना न सांगता. हा त्याला चोर समजतो, तो याला. दिवसभर दोघे एकमेकांवर पाळत ठेवून आहेत. आमचं काम करायला सवड कोणाला?

जेवताना विषय काढला.

“तुझा काढ,” नवरा म्हणाला.

“माझा का? तुझा म्हातारा झालाय. काही कामाचा नाही.”

“म्हातारा झाला म्हणून काढून टाकायचं?”

आईंनी चमचा खाली ठेवला. “कोणाला काढताय?”

बराच वेळ गेला समजावण्यात. त्यांना पटलं की नाही कोण जाणे. मात्र लगेच म्हणाल्या, “माझ्या पत्त्यांना हात लावायचा नाही.”

आईंचा पत्त्यांचा डाव कॉम्प्युटरमध्ये तीन ठिकाणी आहे. एकच खेळ, तीनदा टाकलेला. तीन कशाला, विचारलं.

“एका जोडाने हरत गेले की दुसरा घेते. पत्त्यांना पण वळण लागतं.”

“आई, ते खरे पत्ते नाहीत.”

“मग मी हरते ते तरी कुठे खरं?”

दोन जोड काढले. एक ठेवला. आईंनी तोच नेमका कमनशिबी होता असं जाहीर केलं आणि झोपायला गेल्या.

नवऱ्याचा अँटिव्हायरस गेला. हवामानही गेलं. उद्या कुठे पाऊस आहे ते त्याला खिडकीतून बघावं लागेल.


६ मार्च, शुक्रवार

थोडा फरक आहे. थोडाच. काम सुरू करून पाहिलं.

मालिका एका न्हाव्याच्या दुकानातली. न्हाव्याचा सासरा दिवसभर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून असतो, उठत नाही. गिऱ्हाइकं उभ्याने दाढी करून घेतात. मला आवडली.

दुसऱ्याच प्रसंगात न्हाव्याने तोंड उघडलं आणि चित्र थांबलं. मी चहा करून आणला. तोंड उघडंच. आई शेजारी येऊन बसल्या, त्याचे दात पाहिले.

“वरची दाढ गेलीय याची,” म्हणाल्या.


७ मार्च, शनिवार

डिस्क काठोकाठ भरली आहे. कशाने, तर माणसांनी. नवरा प्रत्येक गिऱ्हाइकाचा नव्या चष्म्यात फोटो काढतो — समोरून, डावीकडून, उजवीकडून. सगळे त्याच पांढऱ्या भिंतीपुढे, सगळ्यांच्या तोंडावर तोच भाव. आरशात अनोळखी माणूस भेटला पण ओळख दाखवावी लागतेय असा.

“पुसून टाकू?”

“वेडी आहेस का? माझी माणसं आहेत ती!”

वेगळ्या डिस्कवर हलवायचं ठरलं. हलवता हलवता बघत बसले. एक बाई लहान मुलगी असल्यापासून आहे; दर दोन-तीन वर्षांनी काच जाड होते आणि हसू मोठं. सबंध सकाळ गेली. काम शून्य.

घुबडही आहे. समोरून तितकंसं वाईट नाही. डावीकडून मात्र माझं म्हणणं कायम आहे.


८ मार्च, रविवार

नवऱ्याचा मामेभाऊ जेवायला आला. कॉम्प्युटर दुरुस्त करतो. लहान टॉर्च तोंडात धरून आत डोकावतो म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. इतक्या दिवसांत त्याला का नाही बोलावलं? कारण तो बोलतो फार. आणि मला वाटलं होतं माझं मीच करीन.

आल्या आल्या त्याने टेबलाखाली कान लावला.

“वहिनी, हा चालतोय?”

“चालतो म्हणून तर तक्रार आहे.”

“नाही, मला म्हणायचंय, हा अजून चालतो कसा?” त्याने नवऱ्याकडे पाहिलं. “दादा, डिस्क ऐक. जुनी, फिरणारी आहे. कड कड कड. ही शेवटच्या घटका मोजतेय. तुम्ही हिची धूळ काय पुसताय, फोटो काय हलवताय! पेशंटला श्वास लागलाय आणि तुम्ही त्याची नखं कापताय!”

मी वरण वाढावं तसं त्याला आणखी सूप वाढलं. बोलणं थांबेना.

“न फिरणारी डिस्क टाकू. मेमरी दुप्पट करू. मग बघा. बटणावरून बोट उचलायच्या आत उभा राहील.”

आईंनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहून सगळं टिपलं होतं. “आणि माझे पत्ते?”

“आत्या, तुमचे पत्ते असे धावतील की हरायला वेळ पुरणार नाही.”

आईंना हे फारसं आवडलं नाही.


९ मार्च, सोमवार

कॉम्प्युटर डॉक्टरकडे. टेबलाखाली चौकोनी स्वच्छ जागा. आई दोनदा तिथे जाऊन आल्या. करमत नाही म्हणाल्या. मलाही.


१० मार्च, मंगळवार

आला!

बटण दाबलं आणि सवयीप्रमाणे स्वयंपाकघरात गेले. इतकी वर्षं हेच — बटण दाबायचं, पाणी ठेवायचं, चहा प्यायचा, कप विसळायचा, मग खुर्चीत बसायचं. पाणी अजून भांड्यात पडत होतं तोच बाहेरून आईंची हाक. “अगं, हा केव्हाचा तयार होऊन बसलाय!”

खरंच बसला होता. जरा अवघडलेच. पाहुणा ठरल्या वेळेआधी यावा तसं झालं.

नवरा दुपारी घरी आला, त्याने बटण दाबलं, पडदा बघितला. “बिघडला का? काहीच करत नाहीये.”

“झालं करून.”

“सगळं?”

“सगळं.”

त्याने बंद केला आणि परत लावला. परत बंद केला, परत लावला. मग आईंना बोलावून दाखवलं. मग शेजारच्या शिंपीणबाईंना. त्या म्हणाल्या, बरं मग? त्यांचा पहिल्यापासून वेगवान आहे. काय कळणार त्यांना!


१२ मार्च, गुरुवार

काम म्हणजे काय असतं ते या वयात कळतंय. चित्र चित्रासारखं चालतं. न्हावी तोंड उघडतो, बोलतो, मिटतो. मी बटण दाबते, सोडते. दाबलं तिथे ओळ येते, सोडलं तिथे जाते. हात नुसता धावतोय!

सासऱ्याचं एक वाक्य मूळ भाषेत अघळपघळ आहे: ‘मी या खुर्चीत बसलो आहे याचा अर्थ मी गिऱ्हाईक आहे असा कृपया कोणी घेऊ नये.’ मी केलं: ‘मी बसलोय. आलो नाहीये.’ स्वतःशीच हसले. आई माझ्याकडे बघत होत्या. “काय झालं?” “काही नाही.” “एकटी हसू नकोस. बरं दिसत नाही.”


१३ मार्च, शुक्रवार

झालं. मुदतीआधी! हे आयुष्यात प्रथम. उद्या आईंना दाखवेन. विनोदी आहे की नाही ते त्यांच्याएवढं स्वच्छ कोण सांगणार? त्यांना आवाज नाही, मूळ भाषा नाही. फक्त माझ्या ओळी आणि माणसांचे चेहरे. त्या हसल्या तर कंपनी हसेल.

नवऱ्याने जेवणानंतर ताटं उचलली. मग म्हणाला, “मिळेल तुला.” मला वाईट वाटलं. मग तो म्हणाला, “नाही मिळालं तर काउंटरमागे हीटर लावून देतो. पाय गार पडतात तिथे.” मग वाईट वाटेनासं झालं.


१४ मार्च, शनिवार

वाट लागली.

सकाळी आईंना खुर्चीत बसवलं, भाग लावला. आई हसल्या. भरपूर हसल्या. मी मागे उभी राहून मनातल्या मनात मांडे खात होते. मग लक्षात आलं — त्या चुकीच्या जागी हसतायत. सासरा अजून वर्तमानपत्र घडी करतोय, तोंड मिटलेलं, आणि आई हसून मोकळ्या! मग सासरा बोलतो. तेव्हा आई शांत.

“कसं वाटलं?”

“छान आहे गं. पण हा न्हावी बोलायच्या आधीच मला कळतंय काय बोलणार ते. तुझे सासरे असेच होते.”

मला अजून कळलं नव्हतं. “म्हणजे?”

“म्हणजे खाली लिहून येतं आणि मग हा तोंड उघडतो. आधी वाचायचं, मग तो हलतो. मुद्दाम केलंयस ना? मला बरं पडतं.”

हेडफोन लावून बघितलं. जवळजवळ प्रत्येक ओळ आधी. ‘नाही!’ असं खाली येतं आणि मग न्हाव्याला विचारलं जातं, तू हे केलंस का!

कारण कळायला वेळ लागला नाही. बोटाला कळलं, डोक्याला मागून. जुना कॉम्प्युटर बटण दाबलेलं उशिरा ओळखायचा, म्हणून मी बोलण्याच्या आधी दाबायला शिकले. चेहरे बघून. खांदा उचलला, भुवई हलली, आता हा बोलणार — दाब! त्याची दिरंगाई आणि माझी घाई मिळून ओळ बरोबर जागेवर पडायची. आता दिरंगाई गेली. घाई राहिली. कॉम्प्युटर नवा झाला, हात जुन्यावरच आहे.

सगळ्या ओळी एकदम थोड्या मागे सरकवायची सोय आहे. सरकवल्या. न्हावी बरोबर बोलायला लागला, सासरा मात्र उशिरा. सासऱ्यासाठी कमी केल्या, तर न्हाव्याची बायको परत घाईत. न्हावी बोलायच्या कितीतरी आधी खांदा उडवतो. बायको जेमतेम ओठ ओलावते. सासरा काहीच कळू देत नाही. प्रत्येकाला मी वेगळी सूट दिली आहे. एका फटक्यात मागे घेता येत नाही.

सबंध दुपार एकेक ओळ परत लावत बसले. बोटाला बजावते, थांब. बोट थांबतं ते इतकं की माणूस अर्धं वाक्य बोलून जातो. मग चिडते, मग परत घाई. संध्याकाळी तपासलं तर पहिल्यापेक्षा वाईट. आता काही आधी, काही नंतर!

नवऱ्याला सांगितलं. त्याने चहा करून दिला. हीटरचा उच्चारही नाही. भला माणूस आहे.


१५ मार्च, रविवार

सकाळी डॉक्टरला फोन केला.

“कॉम्प्युटर हळू करून पाहिजे.”

“कोण बोलतंय?”

“वहिनी बोलतेय. पहिल्यासारखा करून दे. आजच्या आज.”

तो इतका हसला की मी फोन कानापासून लांब धरला. “वहिनी, माझ्या दारात माणसं रडत येतात, हा वेगाने चालवून द्या म्हणून. हळू करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक तुम्ही पहिलं! तुम्हाला ताप आहे का?”

“जुनी डिस्क परत बसव.”

“ती गेली. आतलं सगळं नवीत उतरवून झालं आणि ही एकदा कड् म्हणाली आणि शांत झाली. तुमच्या घरात होती म्हणून इतकी टिकली.”

मग आपणच सुरू केलं. काढलेली सगळी मंडळी परत बोलावली. नवऱ्याचा अँटिव्हायरस, सगळ्या गावांचं हवामान, मुलीची गाणी. नवरा उत्साहात आला. त्याने आणखी दोन-तीन जड गोष्टी सुचवल्या. आईंचे तिन्ही जोड उघडले. काही फरक नाही! सगळे टाळी वाजवल्यासारखे एकदम हजर. इतकी कर्तबगार रद्दी मी पाहिली नव्हती.

मी टेबलावर डोकं ठेवलं. आई बाजूलाच होत्या, पत्ते परत आले म्हणून खुशीत.

“नक्की अडतंय कुठे?” त्यांनी विचारलं.

डोकं उचलून त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं. तोंड उघडलं की दाबायचं, मिटलं की सोडायचं. एवढंच. तेवढंच जमत नाहीये.

“यात न जमण्यासारखं काय आहे?”

“मग तुम्ही दाबा!”

रागात बोलले. त्यांनी मात्र खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला, पदर कमरेला खोचावा तशा स्वेटरच्या बाह्या वर केल्या. “कुठलं दाबू?”

मी लांब पट्टीचं बटण दाखवलं. चित्र लावलं. न्हावी आला, बोलला. आईंचं बोट खाली, बोट वर. बायको बोलली. खाली, वर. सासरा — जो मला काही कळू देत नाही — तोसुद्धा. त्या चेहऱ्याचा अंदाज बांधतच नव्हत्या. फक्त ओठांकडे बघत होत्या, गेली कित्येक वर्षं आम्हा सगळ्यांच्या ओठांकडे बघतात तशा.

परत लावून पाहिलं. हेडफोनमध्ये ‘नाही’ उमटलं आणि त्याच क्षणी खाली ‘नाही’. मी आईंच्या गालाची पापी घेतली. “पुरे,” म्हणाल्या, “तो बोलतोय, मला दिसू दे.”

पण मग न्हाव्याने पाठ फिरवली. पाठमोरा बोलत राहिला. आईंचं बोट अधांतरी.

“हा बोलतोय?”

“बोलतोय.”

“मग माझ्याकडे तोंड करून बोलायला काय झालं याला?”

दाराआडून कोणी बोललं, तेही गेलं. फोनवरची बाई गेली. उलट सासरा बिस्कीट खात होता तिथे आईंनी त्याला अख्खी ओळ दिली! तो चावतोय आणि खाली, ‘मी बसलोय. आलो नाहीये.’

“खातोय तो, आई.”

“मेला बोलल्यासारखा खातो!”

मग एक गोष्ट ध्यानात आली. पाठमोऱ्या माणसांच्या माझ्या शुक्रवारच्या ओळी तपासल्या तर त्या मुळातच बरोबर होत्या! चेहरा दिसत नाही तिथे माझा हात घाई करत नाही. आवाज येईपर्यंत वाट बघतो. दुसरं करणार काय?

वाटणी करून टाकली. तोंडं आईंची, पाठी माझ्या. कोणी खायला लागलं की मी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारायची. एक कीबोर्ड, दोघींचे हात. माणूस वळला की आई बोट उचलायच्या, मी ठेवायची. परत वळला की मी उचलायची. मधे न्हाव्याची बायको बोलता बोलता गरकन फिरली आणि आमची बोटं एकमेकींवर आपटली. “तिची बाजू कुठली ते ठरव म्हणावं,” आई म्हणाल्या.

नवऱ्याने न सांगता स्वयंपाक केला. पाव, अंडी. टेबलाशी आणून दिला. आई पडद्यावरची नजर न हलवता खात होत्या. त्यांच्या तोंडाकडे बघून मला एकदा बोलल्याचा भास झाला.

उजेड होता तोवर सगळा भाग लागला. मग पहिल्यापासून बघितला. सासरा बोलला आणि आई, नवरा, मी — तिघं एकदम हसलो. एकाच जागी.


१६ मार्च, सोमवार

पाठवला. सोबत लिहिलं: शब्द माझे. दिसणाऱ्या माणसांच्या वेळा माझ्या सासूबाईंनी लावल्या, त्यांना ऐकू येत नाही. न दिसणाऱ्यांच्या मी.

“हे कशाला लिहायला हवं होतं?” नवऱ्याने विचारलं.

“खरं आहे म्हणून.”

“हेच तू काउंटरवर करतेस!”

आई दिवसभर टीव्हीसमोर होत्या. बातम्या सांगणाऱ्या माणसाचं तोंड उघडलं की खुर्चीच्या हातावर बोट टेकायच्या, मिटलं की उचलायच्या.


१७ मार्च, मंगळवार

सकाळी कंपनीतल्या बाईंचा फोन आला. शब्द चांगले आहेत, पण शब्दांची माणसं त्यांच्याकडे रांगेत उभी आहेत. त्यांना वेळा हव्या आहेत. मालिका सगळ्या भाषांत जाते, वेळांचा साचा एकच असतो आणि तो त्यांना कोणी इतका चोख करून दिलेला नाही. नेमणूक सासूबाईंना. सोमवारपासून.

आईंसमोर उभी राहून सावकाश सांगितलं. त्यांनी परत सांगायला लावलं.

“आणि पाठी?” त्यांनी विचारलं.

“बाई म्हणाल्या, त्यासाठी तुम्ही तुमचं माणूस ठेवा.”

आईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ठेवलं,” म्हणाल्या. “खुर्ची घेऊन ये.”

नवरा दुकान उघडायला एकटाच गेला.